पाचवा ठिपका

मारुतीच्या पारावर त्या दुपारी किती माणसं होती ते मला विचारा. दोनशे सदतीस. कडेवरची लेकरं त्यात धरलेली नाहीत. मी माळतोंडीचा ग्रामसेवक. गावात कोण जन्मलं आणि कोण मेलं याची वही माझ्याकडं, त्यामुळं जिवंत किती उरलेत ते मोजायची खोड लागलेली. ग्रामसभेला दवंडी देऊन देऊन घसा बसला तरी तिसाच्या वर डोकं दिसत नाही, आणि त्यातली दहा पेंगत असतात. पण चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीच्या तोंडावर, डोक्यावर ऊन घेऊन, दोनशे सदतीस माणसं एका केसाकडं डोळे लावून बसली होती.

केस म्हणजे मिशी. शेषनागाची. नागाला मिशी असते का, हे दोनशे सदतिसांपैकी एकानंही विचारलं नाही. मीही विचारलं नाही; म्हणजे मला धरून दोनशे अडतीस.

मिशीचे मालक मच्छिंद्रबाबा. पोट पुढं, दाढी त्याच्याही पुढं, दहा बोटांत सात अंगठ्या. मुक्काम सर्जेराव पाटलांकडं.

"बाप्पाहो, ही धरती कुणाच्या डोक्यावर हाय?" बाबा गरजले.

"शेषाच्या!"

"मंग धरतीवर कुणी करणी केली, तर पयली कळ कुणाला लागंल?"

"शेषाला!"

"अन् कळ लागली की त्याचं काय हालंल?"

इथं गाव अडखळलं. मागून कचरू म्हणाला, "शेपूट?"

"मिशी!" बाबांनी डोळे वटारले. हसू फुटणार होतं ते लोकांनी गिळलं, कारण हसण्याचे दिवस नव्हते.

नऊ दिवसांत गावातली अकरा जनावरं गेली होती. रोगानं खंगून नाही. सकाळी धडधाकट सोडलेला बैल शिवारातच थरथरायला लागायचा, तोंडाला फेस यायचा, धापा टाकत खाली बसायचा आणि बिडी ओढून होईस्तोवर मान टाकायचा. सर्जेरावांचे तर एकाच सकाळी चार गेले, जोडीला जोड. त्यांच्या गोठ्यात घुंगरमाळा खुंटीला टांगलेल्या होत्या. वाऱ्यानं वाजल्या की आतून तुळजाबाई, त्यांची बायको, पेंढी घेऊन बाहेर यायच्या आणि रिकाम्या दावणीपाशी उभ्या राहायच्या. हे मी दोनदा पाहिलं. गावात संध्याकाळी एरवी हंबरण्याचा आवाज असतो. तो गेला की गाव मसणवट्यासारखं वाटतं.

तर पितळी परात. परातीच्या काठावर बरोबर अंतरानं कुंकवाचे आठ ठिपके. मधोमध शेंदूर फासलेला मेणाचा गोळा आणि त्यात उभी ती मिशी: काळपट, खाली पीळ पडलेली, वर कोयत्यासारखी वाकलेली, टोकाला लाल दोरा. टोक पहिल्या ठिपक्याकडं. परातीभोवती आठ बायका. कोण कुठं बसणार हे बाबांनी स्वतः, बोटांवर नक्षत्रं मोजून ठरवलेलं. पहिल्या ठिपक्यावर तुळजाबाई, म्हणजे पाटलानं घरच्यांना वगळलं असं कुणी म्हणायला नको. पाचव्या ठिपक्यावर कांताबाई.

कांताबाई विधवा. पांदीकडंला दीड एकर, एक म्हातारी सासू आणि एक शेळी. शेळी आता नव्हती.

बाबांनी मंत्र म्हटला. त्यातले दोनच शब्द मला कळले, आणि ते दोन्ही शिव्यांसारखे होते. मग पळीनं तीर्थाचा एक थेंब मिशीच्या बुडाशी सोडला.

मिशी हलली.

वारा नव्हता. पारावरचं पिंपळाचं पान हलत नव्हतं. कुणी हात लावला नव्हता. आणि ती वाकडी काडी, बोट दाखवत फिरावी तशी, हळूहळू बायकांच्या तोंडासमोरून फिरायला लागली. ज्या बाईसमोर यायची ती डोळे मिटायची. पुढं गेली की उघडायची. एक फेरा. दुसरा फेरा. मग अर्धा. आणि दम लागल्यासारखी थांबली.

पाचव्या ठिपक्यावर.

"म्या काय केलं?" कांताबाई सर्जेरावांकडं वळून उभी राहिली. "दादा, म्या तर तुम्हाला सांगितलं व्हतं, बैल घालू नका म्हणून!"

"ऐका! सांगितलं व्हतं म्हणती!" बाबांनी टाळी वाजवली. "आपल्या तोंडानं कबूल झाली. अमावास्येच्या आत हिला शिवंच्या बाहेर काढा. बारावं जनावर पडलं, की तेरावा माणूस!"

अमावास्या पाच दिवसांवर होती. पांगताना दोनशे सदतीस माणसं कांताबाईपासून आठ आठ हात लांबून गेली. सासूनं तिचा हात धरला होता. शेजारणीनं म्हातारीला ओढून बाजूला नेलं.

मला घाम फुटला होता, पण तो मिशीमुळं नव्हे. ती परात मी आधी पाहिली होती.

तीन वर्षांपूर्वी माझी नेमणूक वडीगोद्रीकडच्या एका खेड्यात होती. तिथं गोवरानं लेकरं जात होती. हाच बाबा, काठाला पोचा पडलेली हीच परात, हेच आठ ठिपके. त्या दिवशी मिशी गिरिजाबाई नावाच्या बाईसमोर थांबली. मला मोजायची खोड. गिरिजाबाई पाचवी होती. तिसऱ्या दिवशी तिला माळावरच्या विहिरीतून काढलं. सरपंच माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला, "पाय घसरून, असं लिहा." मृत्यूचे कारण या रकान्यात मी 'पाय घसरून' लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.

पण मला झोपेतून उठवायचं ते अक्षर नव्हे. विहिरीच्या काठावर तिला उन्हात ठेवली होती. ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं. सगळे भोवती उभे. आणि थोड्या वेळानं तिच्या लुगड्याचा काठ वळवळायला लागला. बारीक काळे केस, शंभर-दीडशे, आपोआप वळत होते. "अजून करणी चालू हाय!" कुणीतरी ओरडलं आणि आम्ही पळालो. पळणाऱ्यांत मी पहिला नव्हतो. पण तिसरा होतो.

पारावरून मी थेट कांताबाईच्या घरी गेलो. ती उंबऱ्यात बसली होती, बोचकं बांधून.

"काय सांगितलं होतं सर्जेरावांना?" मी विचारलं.

"भाऊसाहेब, त्यांच्या रानात म्या सरपणाला धसकटं वेचाया गेल्ते. शेळी संगं व्हती. हायब्रीड ज्वारी कापलेल्या रानात हिरवे फुटवे आल्ते, शेळीनं खाल्ले. घरी यायच्या आत गेली. म्हणून म्या दादाला म्हटलं, या फुटव्यात बैल घालू नका, मरतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी घातले." ती हसली. तसं हसू पुन्हा बघायची पाळी येऊ नये. "मरतील म्हटलं ना म्या. तोंडचा शब्द खरा झाला. मंग मीच करणीवाली."

बाराव्या जनावराची वाट बघणाऱ्या गावानं तिची शेळी मोजलीच नव्हती. मी मोजली. पहिली तीच. म्हणजे बारा कधीच होऊन गेली होती आणि तरी तेरावा माणूस पडला नव्हता. बाबांचा हिशेब तिथंच चुकला होता, पण हिशेब चुकला म्हणून गाव बाई सोडत नाही.

शाळा चावडीच्या मागं. सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या उषाबाई तिथल्याच खोलीत राहायच्या. जाफराबादकडच्या. छप्पन साली बौद्ध झालेल्या घरातल्या. पारावर त्यांना कुणी बोलावत नसे. त्याही गेल्या नसत्या. त्या वेळी त्या भिंतीवर पुठ्ठा ठोकत होत्या. पुठ्ठ्यावर बावन्न रिकाम्या काडेपेट्या चिकटवलेल्या आणि प्रत्येकीत एकेक बी. वर लिहिलेलं: 'बियांचा प्रवास'.

"गावाला दाखवायचं म्हणून मांडलं," त्या म्हणाल्या. "चार जण आल्ते. त्यातले दोन काडेपेट्या परत मागाया."

मी त्यांना मिशीचं सगळं सांगितलं. पीळ, वाकलेलं टोक, तीर्थाचा थेंब, अडीच फेरे. त्या ऐकता ऐकता एकतिसावी काडेपेटी उघडत होत्या.

"ही मिशी का?"

मी वाकून पाहिलं. कुसळ होतं. माळावरच्या गवताचं साधं कुसळ. सुगी संपली की धोतरात, लुगड्यात, मेंढीच्या लोकरीत घुसतं ते. माझ्या विजारीला त्या घडीला नऊ होती; मोजली.

उषाबाईंनी ते खोडरबरात उभं रोवलं आणि ओलं बोट बुडाशी टेकवलं. कुसळ फिरायला लागलं.

"सुंभाला पीळ असतो ना, तसा वाळताना याला पीळ पडतो. ओल लागली की सुटतो, वाळलं की पुन्हा पडतो. ओल-वाळ, ओल-वाळ, असं करत हे बी गिरमिटासारखं जमिनीत शिरतं. गवताला हात न्हाईत, भाऊसाहेब, म्हणून त्यानं ही युगत काढली. अन् एका कुसळाचे फेरे ठरलेले असतात. तुमच्या बाबाच्या कुसळाचे अडीच. पहिल्या ठिपक्यावरून सुटलं की..."

"पाचव्यावर थांबणार," मी म्हणालो. "आठातलं पाचवं. बरोब्बर समोर."

"मंग बाबाला एवढंच करायचं, गाव ज्या बाईचं नाव कुजबुजतं तिला पाचवी बसवायची."

मी खाली बसलो. खोडरबरातलं कुसळ अजून फिरत होतं. ते बघता बघता मी गिरिजाबाईंचं सांगून टाकलं. विहीर, लुगड्याचा काठ, वळवळणारे केस. तीन वर्षांत बायकोलाही सांगितलं नव्हतं.

उषाबाईंनी ते कुसळ रबरातून उपटून तळहातावर घेतलं. मग म्हणाल्या, "ती माळ तुडवत विहिरीपर्यंत गेली असंल. काठाला कुसळं लागली. ती करणी नव्हती, भाऊसाहेब. लुगडं वाळून राह्यलं व्हतं."

बेत तिथंच ठरला. पोलिसांना कळवलं तर कांताबाई आज वाचेल, पण शिक्का उद्या राहीलच. तो पारावरच पुसायला हवा. म्हणून बायकांच्या जागा बदलायच्या.

"पाचव्या जागी मी बसते," उषाबाई म्हणाल्या.

"बिलकुल नाही."

"का?"

"काडी तुमच्याकडं वळली तर गाव म्हणेल, आम्हाला आधीच ठाऊक होतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावल्या नाहीत, उत्तर त्यांनाही पाठ होतं. "मंग जागा रिकामी ठेवा. कुण्या दुसऱ्या बाईला त्यात घालू नका."

मी मान डोलावली. पण मी गावं त्यांच्यापेक्षा जास्त वर्षं मोजत आलो होतो. रिकाम्या जागेकडं काडी वळली तर बाबा म्हणाला असता, भूत बसलंय. पाचव्या जागी अशी बाई हवी होती, जी करणीवाली आहे असं मानणं गावाला परवडणार नाही.

वसुबारसेला मी बाबांपुढं हात जोडले. "महाराज, सरकारी काम आहे. बाई गावाबाहेर काढायची तर माझ्या वहीत कारण लिहावं लागतं. एकदा माझ्यासमोर पुन्हा कौल लावा, म्हणजे पंचांच्या सह्या घेतो. वर जिल्ह्यापर्यंत आपलं नाव जाईल."

जिल्हा म्हटल्यावर बाबांची दाढी हलली. पोट तयारच होतं.

दुपारी पुन्हा पार भरला. वसुबारस म्हणजे गाय-वासराला ओवाळायचा दिवस. बायकांच्या हातात ताटं होती आणि ओवाळायला दावणीला काही नव्हतं. दोनशे एकावन्न माणसं. शेजारच्या वाडीचीही आली होती. मेणाच्या गोळ्यातली मिशी वाळून पुन्हा पहिल्या ठिपक्याकडं तोंड करून उभी.

बाबा नक्षत्रं मोजायला लागले, तसा मी मध्ये पडलो. "महाराज, सरकारी पंचनामा घर नंबराप्रमाणे होतो." आणि वही उघडून नावं पुकारली. त्याच आठ बायका. घर नंबराप्रमाणे कांताबाई आली दुसऱ्या ठिपक्यावर. पाचव्यावर तुळजाबाई.

यादी मी बनवली नव्हती, ती तशीच होती. पण ती तशी आहे हे मला आदल्या दिवशीपासून माहीत होतं.

बाबांच्या बोटातली पळी थबकली. "आज योग... बराबर न्हाई."

"जल्दी करा महाराज," सर्जेराव म्हणाले, "माझी जित्राबं गेली, तुमचा योग कुठं जातो?"

थेंब पडला. मिशी हलली. एक फेरा. कांताबाईसमोरून गेली. दुसरा फेरा. पुन्हा गेली, थांबली नाही. मग अर्धा.

पाचवा ठिपका.

कुठंतरी घुंगरमाळ वाजली. मला वाटलं होतं, आता लोक हसतील. सर्जेराव बाबाची मानगूट धरतील. तसं काही झालं नाही. सर्जेरावांनी मान वळवून बायकोकडं पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारातल्या बाईकडं त्यांनी त्या एका क्षणी असं पाहिलं, की जणू कोण आहे ही, कुठून आली घरात. तुळजाबाईंनी ती नजर पाहिली. शेजारी बसलेली बाई नकळत हातभर सरकली, हेही पाहिलं.

माझा हिशेब बरोबर आला होता. मी वही मिटून टाकली.

"थांबा!" उषाबाई गर्दी सारत पुढं आल्या. पारावर त्या पहिल्यांदाच चढत होत्या. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. ओंजळीत कुसळांचा जुडगा होता. "तुळजाबाई, हात पुढं करा. हे धरा. बुडाशी थुंकी लावा."

तुळजाबाईंनी थुंकी लावली. कुसळ फिरलं.

"सर्जेरावदादा, तुमच्या धोतराला किती हायत? उपटा एक. लावा थुंकी."

सर्जेरावांच्या जाड बोटांत कुसळ गरगरलं. मग कचरूच्या. मग म्हाताऱ्यांच्या, बायकांच्या, सगळ्यांच्या. अख्खा पार आपापल्या कपड्यांतून शेषनागाच्या मिशा उपटत होता.

"आता गं बया!" एक म्हातारी म्हणाली. "साठ वर्षं उपटून फेकती मी. माझ्या लुगड्यात एवढे शेष व्हते व्हय?"

आता लोक हसले. हसता हसता कुणाला तरी आठवण झाली आणि सगळे बाबांकडं वळले. बाबा मेणाचा गोळा पारावरच टाकून, परात काखेत मारून पायऱ्या उतरत होते.

"महाराज, मिशी राहिली!" कचरू ओरडला.

बाबांना चावडीत बसवलं. पण सर्जेराव हसत नव्हते. त्यांचा प्रश्न खरा होता. "बाई, काडी गवताची, मान्य. मंग माझे बैल कुणी मारले?"

उषाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी वही उघडली. गेल्या दोन दिवसांत मी घरोघर जाऊन विचारलं होतं, मेलेलं जनावर त्या सकाळी कुठं चरलं? शेळी धरून बारा. बाराची बारा हायब्रीड कापलेल्या रानात. गावरान ज्वारीच्या रानात चरलेली छप्पन. त्यातलं एकही गेलं नव्हतं.

"आपली गावरान ज्वारी उभ्यानं वाळते," उषाबाई म्हणाल्या. "कापून रान मोकळं केलं, जनावरं सोडली, हीच आपल्या बापजाद्यांची रीत. पण हायब्रीड शंभर दिवसांत येतं. कणीस पिकतं तेव्हा ताट हिरवंच असतं. कापलं की धसकटाला कोवळे फुटवे येतात, अन् ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात विष असतं. पीक नवं आलं, रीत जुनी राहिली. त्यात जनावरं गेली. रानं नांगरून टाका, न्हाईतर फुटवे मोठे होऊ द्या, कापून चांगले वाळू द्या. तवर तिथं दावं सोडू नका."

"हे कुणी आधी सांगितलं असतं तर..." सर्जेराव पुटपुटले.

"सांगितलं व्हतं." तुळजाबाई उठल्या. आवाज मोठा नव्हता. "कांता दारात येऊन सांगून गेल्ती. मी चुलीपाशी व्हते, मी ऐकलं. परवा या पारावर मी पहिल्या ठिपक्यावर बसले व्हते अन् गप बसले. काडी तिच्याकडं गेली तर बरं वाटलं, की आपल्याकडं आली न्हाई." मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "आज आली तवा तुम्ही कसं पाहिलं, ते मी मरंस्तोवर इसरणार न्हाई."

आणि ओवाळणीचं ताट घेऊन त्या कांताबाईसमोर गेल्या. गाय नव्हती, वासरू नव्हतं. तुळजाबाईंनी ताट खाली ठेवलं, तिच्या काखेतलं बोचकं घेतलं आणि गाठ सोडायला लागल्या. गाठ घट्ट होती. दोघींनी मिळून सोडली.

कांताबाई गावातच राहिली. आता कुठल्या रानात जनावर घालायचं ते लोक तिला विचारतात. हसनाबादच्या बाजारात मी तिला हायब्रीडच्या फुटव्यांवर भांडताना ऐकलं आहे. बाबांना पोलीस घेऊन गेले. सुटून कुठं मिशी लावत असतील तर ठाऊक नाही. उषाबाईंच्या काडेपेट्या बघायला दिवाळीनंतर एकशे बारा माणसं आली. काडेपेटी परत कुणी मागितली नाही.

त्या माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. जागा रिकामी ठेवा म्हणाल्या होत्या.

आता तुम्हाला सांगायचं ते एवढंच. बाबा नाव घेऊन येत नाही. नाव गावच तयार ठेवतं, बाबा फक्त ठिपका काढतो. तेव्हा कुठं काडी फिरली, नारळ हलला, लिंबू पळालं, तर पाया पडण्याआधी एक करा: माणसांच्या जागा बदला आणि पुन्हा फिरवायला सांगा. सत्य असेल तर ते माणूस शोधत येईल. लबाडी असेल तर ठिपका धरून बसेल. आणि ज्याला तुम्ही रोज कपड्यातून उपटून फेकता, त्याला एकदा ओलं बोट लावून बघा. शिकायला दूर जावं लागत नाही.

वडीगोद्रीकडच्या त्या खेड्यातली वही आता दुसऱ्याच्या ताब्यात आहे. गेल्या उन्हाळ्यात मी जाऊन ते पान पाहून आलो. 'पाय घसरून.' शाई फिकी झालेली नाही. त्या रकान्यात खाडाखोड करता येत नाही, असा नियम आहे, आणि तो मीच शिकवत आलो. विहिरीकडं जाताना माळावरून गेलो. परत येईस्तोवर विजारीला एकेचाळीस कुसळं लागली होती. काठावर बसून मी एकेक उपटलं, ओलं केलं आणि फिरताना पाहिलं. सगळी फिरायची थांबेपर्यंत उठलो नाही.